बिनधुराचा कोळसा

यमुनाबाईनं माझ्या मुलीला नागडी करून ओट्यावरच्या गार जमिनीवर ठेवलं होतं आणि ती तिच्या तळव्यांवर टिचक्या मारत होती. पोरीचं अजून नावही ठेवलेलं नव्हतं. नुकतं उजाडत होतं, खाडीवरून वारा सुटला होता आणि पोर रडत नव्हतं. मी उंबऱ्यावर पडले होते, अर्धी आत, अर्धी बाहेर. मला तिनंच ओढत तिथपर्यंत आणलं होतं. मी जागी होते. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं, पण हात-पाय माझे नव्हते. तेवढ्यात सासू विहिरीवरून पाणी घेऊन आली. तिनं उघड्या हिवात पडलेली नात पाहिली, हंडा तिथंच टाकला आणि यमुनाबाईचा अंबाडा धरून तिला मागं खेचलं. "मेले, पोर मारतंस माझं! हिवात नागडी टाकलीस!" यमुनाबाई मान मागं वाकलेली असतानाही पोरीला सोडेना. ती ओरडत होती, "म्हातारे, सोड मला! आत अजून कोण आहे? आत अजून कोण आहे ते सांग आधी!" आत कोण होतं ते मला माहीत होतं. तोंड उघडत नव्हतं.

ही यमुनाबाई गेल्या महिन्यात ठाण्यात वारली. तिच्या भाच्यानं फोन करून कळवलं. झोपेत गेली, त्रास झाला नाही म्हणाला. मी विचारलं, खिडकी उघडी होती का? तो म्हणाला, "हो, उघडीच होती... इतक्या थंडीतही मावशी कुणाला लावू द्यायची नाही." मला तेवढंच विचारायचं होतं. वय झालेलं माणूस गेलं, त्यात रडण्यासारखं काही नाही. पण तिच्याविषयी कुणीतरी लिहून ठेवायला पाहिजे आणि तिच्याबरोबरची आता मीच एक उरले आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. जसं आठवतं तसं लिहिते.

नोकरीतून सुटल्यावरही ती दर पौषात आमच्या घरी यायची. येऊन ओट्यावर बसायची, आत नाही. सासू तिला बघितल्याबरोबर म्हणायची, "आलीस? कुठली फट लिंपायची राह्यली?" मग सासू आणखी चार शब्द बोलायची, कधी शिव्याही द्यायची, आणि बोलून झालं की आतून चहाचा कप आणून तिच्यापुढे आदळायची. तो चहा यमुनाबाई पूर्ण प्यायची. सासू मरेपर्यंत हे असंच चाललं. मी एकदा तिला म्हटलं, "कशाला येतेस ऐकून घ्यायला?" तर म्हणाली, "तिला बोलायला दुसरं कोण आहे?" सासूचा तो टोमणा कळायचा तर त्या थंडीपासून सांगावं लागेल.

साल नेमकं सांगता येणार नाही. स्वराज्य येऊन दोन-तीन हिवाळे झाले असतील. आमचं गाव खाडीकाठचं, डोंबिवलीपासून बांधाबांधानं चालत यायचं. डोंबिवली म्हणजे तेव्हा काही मोठं नव्हतं, स्टेशन आणि भोवती थोडी घरं. आम्ही बहुतेक सगळे मिठागरातले. दिवाळी झाली की मिठाचे वाफे तयार करायचे, पहाटेपासून गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभं राहायचं. थंडी आम्हाला नवी नव्हती, पण आमची थंडी म्हणजे सकाळची, ऊन वर आलं की संपली. त्या वर्षी ती दुपारीही जाईना. उत्तरेचा कोरडा वारा दिवसच्या दिवस वाहिला. कोंबड्या खुराड्यात मेल्या. गोधडीखेरीज कुणाकडे काही नव्हतं, लोकरीचं कापड तर गावात कुणी पाहिलेलं नव्हतं. घरं कारवीच्या कुडाची, वारा या भिंतीतून शिरून त्या भिंतीतून बाहेर पडायचा. म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं खोकू लागली. तेव्हा ठाण्याच्या कचेरीतून यमुनाबाईला पाठवलं. थंडीनं कुणाला काय होतंय ते घरोघरी जाऊन बघायचं, आजारी असेल त्याला औषध द्यायचं आणि ठाण्याला कळवत राहायचं, हे तिचं काम. डोंबिवलीत एका घरी ती उतरली होती, तिथून रोज चालत यायची.

ती जुन्नरकडची. वय पंचविशीच्या आतबाहेर, लग्न केलेलं नाही, पायात पुरुषासारखे बूट. पहिल्याच दिवशी विहिरीवर बायकांनी तिला धरली. "बाय, हिवाचं तू काय बघणार गो?" ती म्हणाली, "ही काय थंडी आहे? आमच्याकडे एवढ्या गारव्यात पोरं अंघोळीला ओढ्यावर जातात." "मग तुमच्यात लग्नात बरफ वाढतात काय पंगतीला?" असं माझी सासू म्हणाली आणि सगळ्या हसल्या. यमुनाबाईही हसली. त्या दिवसापासून दोघींचं जमलं, हे आता कुणाला खरं वाटायचं नाही.

तिची बघायची एक रीत होती. घरात शिरली की राम राम नाही, बसा-उठा नाही, सरळ गोधडीत हात घालून पाय चाचपायचे. पायावरून तिला कळायचं म्हणे माणूस किती गारठलंय ते. पण आमच्या मिठागरातल्या माणसांचे तळवे लाकडासारखे. गार आहे की गरम, तिला उमजेना. मग ती पायाच्या बोटांच्या बेचक्यात आपलं बोट घालून बघायची, तिथली कातडी मऊ असते. म्हाताऱ्यांना गुदगुल्या व्हायच्या. धर्माबाबा म्हणून एक म्हातारा आमच्या शेजारी राहायचा, तो म्हणायचा, "सुना पाय धरीत नाय, ही परकी पोर रोज धरते. माजी सरगात जागा पक्की." ती त्याला म्हणायची, "बाबा, इतक्यात जायचं नाही हां, मला ठाण्याला कळवावं लागतं." असं ती सगळ्यांशी बोलायची, म्हणून तिचं ऐकलंही सगळ्यांनी. ती म्हणाली, कुडाच्या फटी बुजवा, वारा आत येऊ देऊ नका. सगळ्या गावानं खाडीची काळी चिकण माती आणून भिंती लिंपल्या. वळचणीखालची मोकळी जागासुद्धा पेंढा कोंबून बंद केली. ती घरोघरी भिंतीवर तळहात फिरवून बघायची, कुठं वारा लागला की तिथं माती लावायला लावायची. स्वतःही लावायची. आमच्या घराची खाडीकडची भिंत तिनं आणि सासूनं मिळून लिंपली.

मी तेव्हा बाळंतीण. मला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच झालं. आमच्यात बाळंतिणीला शेक द्यायचा तो बाजेखाली विस्तवाचं घमेलं ठेवून. गोवऱ्या आणि लाकडाचे निखारे, वर ओव्याची धुरी. त्या धुरानं डोळ्यांतून पाणी यायचं, खोकून जीव नकोसा व्हायचा, मग कुणीतरी दार उघडायचंच. त्या वर्षी गोवऱ्या लवकर संपल्या, सगळं गाव दिवसभर शेकत होतं ना. माझा नवरा आणि गावातले आणखी दोघे-तिघे कल्याणच्या रेल्वे यार्डात कामाला होते. इंजिनातून राखेबरोबर अर्धवट जळलेला कोळसा खाली पडतो, तो ते पोत्यात भरून आणू लागले. एकदा पेटला की लालभडक, किती वेळ विझत नाही आणि धूर नावाला नाही. सासू तर त्या कोळशावर खूश झाली. म्हणाली, "कवा नाय ती सुखाची बाळंतीण गो ही, डोळे पण लाल होत नाय!" आम्हाला सगळ्यांना असंच वाटलं, की वाईट असतो तो धूर. धूर नाही म्हणजे काही नाही. आणि फटी लिंपलेल्या. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी चांगल्याच होत्या. एका खोलीत दोन्ही एकत्र आल्या, ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. यमुनाबाईच्याही नाही.

आधी धर्माबाबा गेला. सकाळी सुनेनं हलवलं तर लाकूड. म्हातारा माणूस, हिवानं गेला म्हणाले. यमुनाबाईला फार लागलं. ती म्हणाली, मी त्यांना सांगितलं होतं ना, अंगाशी शेगडी घ्या, दार लावून घ्या... आणि ती घरोघरी जाऊन पुन्हा तेच बजावू लागली. मग दोन-तीन दिवसांत हिराची मुलगी गेली. हिरा माझी मैत्रीण, वाडीच्या टोकाला राहायची. मुलगी चार वर्षांची, चांगली दणकट, खोकलासुद्धा नव्हता. संध्याकाळी खेळली, रात्री जेवली, सकाळी उठली नाही. हिरा त्याच खोलीत होती. तीही पडून राहिलेली, वांत्या करत. तेव्हा मात्र गाव घाबरलं. म्हातारं हिवानं जातं, पण असं पोर? लोक म्हणायला लागले की खाडीकडून काहीतरी येतंय, रात्री माणसाच्या छातीवर बसतंय. कुणी दारावर बिब्बे टांगले, कुणी लिंबाचा पाला. दिवस मावळला की दारं बंद. उंबऱ्याखाली गोणपाट कोंबायचे, म्हणजे खालूनही काही आत येणार नाही. भीती जेवढी वाढली तेवढी घरं घट्ट झाली आणि तेवढेच निखारेही वाढले, कारण विस्तव असला की ते जवळ येत नाही म्हणतात. मी बाजेवर पोरीच्या नाकाशी बोट धरून बसायची. श्वास लागला बोटाला की जरा पडायची, पुन्हा उठायची. मला भूत-बित कळत नव्हतं. मला एवढंच कळत होतं की काहीतरी एकेक घर घेत येतंय आणि मधली घरं थोडी उरलीत. माझं डोकं दुखायचं. बाळंतिणीचं डोकं दुखतंच, असं सासू म्हणायची.

मला एकटीला भीती वाटते म्हणून शेवंती माझ्याजवळ झोपायला आली. शेवंती माझी नणंद, दहा-अकरा वर्षांची. तिला पोरीचं फार वेड. पोरीला मांडीवरून खाली ठेवायची नाही, कुणी मागितली तर म्हणायची, "वैनी, दुसरी होईल तवा ती त्यांना दे, ही माजी." बाजेच्या पायथ्याशी, घमेल्याच्या कडेला तिचं अंथरूण असायचं. ऊब सगळ्यात जास्त तिथं, म्हणून ती जागा तिला दिली होती. सासूला त्या उबेत खोकला यायचा, म्हणून ती बाहेर ओटीवर झोपायची.

हिराच्या घरी बायका बसायला गेल्या त्या दिवशी यमुनाबाईही गेली. मला हे तिनं पुढे सांगितलं, एकदाच. दार लावून, मध्ये घमेलं ठेवून सगळ्या बसल्या होत्या. तिचं डोकं ठणकायला लागलं. दुसऱ्या एक-दोघी म्हणाल्या, आमचंही दुखतंय, रडून दुखतंय. एक बाई उठायला गेली आणि गुडघ्यातून वाकून खाली बसली. यमुनाबाईला मळमळू लागलं. उन्हं कलली तशी ती निघाली, भरती यायच्या आत बांध ओलांडायचा होता. बांधावर वारा लागला आणि तिचं डोकं हळूहळू उतरलं. घरी पोचली तेव्हा बरं वाटत होतं. तिथं अंथरुणावर पडल्यावर तिच्या मनात यायला लागलं की गेले काही दिवस असंच होतंय. काही घरांत गेलं की डोकं धरतं, बाहेर आलं की सुटतं. आणि ती घरं कुठली, तर ज्यांनी तिचं सगळ्यात जास्त ऐकलं ती. ज्यांच्या भिंतींना फट नाही ती. मग तिला धर्माबाबाचा चेहरा आठवला. हिवानं गेलेलं माणूस निळं पडतं, तिनं लहानपणी पाहिलेलं होतं. म्हातारा लालबुंद होता. हिराची पोरही... बायका म्हणत होत्या, बघा, जशी काय उन्हातून खेळून आलीय. हे हिव नव्हे, बंद खोलीत कोंडलेला कोळशाचा न दिसणारा वायू होता. त्यानंतर ती झोपली नाही. भरती उतरल्याबरोबर कंदील घेऊन निघाली आणि सगळ्यात आधी माझ्या घरी आली, कारण गावात सगळ्यात घट्ट खोली बाळंतिणीची. "मी त्याच संध्याकाळी मागं फिरायला हवं होतं जने," असं ती मला म्हणाली. मी म्हटलं, तुझंच डोकं गच्च झालेलं, तू काय विचार करणार होतीस. तिला ते पटलं नाही. पटवायचा मी पुन्हा प्रयत्नही केला नाही.

त्या सकाळी नवरा यार्डात रात्रपाळीला होता, सासू नेहमीसारखी आधी उठली. आत आली, घमेल्यात कोळसा मंदावलेला होता, तिनं पोत्यातला आणखी घातला, फुंकून लाल केला. मला आठवतं, मी तिला बघत होते आणि सांगायचं होतं की मला उठव, माझे पाय कुठं आहेत ते मला कळत नाही. आवाज आला नाही. तिला वाटलं मी सुखानं पडलेय. तिनं माझ्या अंगावरची गोधडी नीट केली, शेवंतीची केली, दार ओढून घेतलं. दाराखाली गोणपाट सारल्याचा आवाज आला. मग हंड्याचा. मग काही नाही. खोली छान उबदार होती. इतकी छान की मला वाटलं, असंच पडून राहावं. पोरीच्या नाकाशी बोट न्यायचं होतं. बोट उचलेना. पोर माझ्या कुशीत होतं आणि ते आहे की नाही हे मला कळत नव्हतं. मी आयुष्यात पुढे बरंच काही पाहिलं. पण भीती म्हटली की मला तेच आठवतं. वेदना नाही, अंधार नाही, ऊब आहे, आणि आपलं बोट पोरापर्यंत पोचत नाही.

मग दार लाथेनं उघडलं. मग ते ओट्यावरचं सगळं, जे वर लिहिलंय.

सासू यमुनाबाईचे केस सोडत नव्हती. तिचा तरी काय दोष? आठवडाभर हीच बाई सांगत होती की पोरांना वारा लागू देऊ नका, आणि आता तीच तान्ह्या पोराला वाऱ्यात टाकून बसली होती. आवाज ऐकून शेजारच्या बायका आल्या, त्यांनीही यमुनाबाईला धरलं. कुणीतरी पोरीवर पदर घातला. यमुनाबाईनं तो फेकून दिला आणि ती पोरीच्या तोंडावर तोंड ठेवून फुंकर घालू लागली. बायका किंचाळल्या. "आत कोण आहे?" ती पुन्हा ओरडली, "अगं आत कोण आहे, कुणीतरी जा आत!" कुणी गेलं नाही. सगळ्यांना वाटत होतं, जे काही आहे ते आत आहे. मग पोर रडलं. आधी मांजरासारखं, मग मोठ्यानं. सासूचा हात सुटला. तिनं इकडं तिकडं बघितलं, मला बघितलं, आणि तिच्या लक्षात आलं. "शेवंते!" म्हणून तिनं हाक मारली, जशी जेवायला बोलवायची तशी.

यमुनाबाई आत गेली आणि शेवंतीला काखेत हात घालून ओढत बाहेर घेऊन आली. तिला पालथी घातली, पाठीवर दाबू लागली, सोडायची, पुन्हा दाबायची. सासू शेवंतीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. सारखी म्हणत होती, "गाल बघ गो हिचे, कसे लाल हायेत. ही काय मेलेली दिसते? झोपलीय. दाब तू, दाब." यमुनाबाईला त्या लाल गालांचा अर्थ माहीत होता. तरी ती दाबत राहिली. ऊन बांधावरून ओट्यावर आलं तरी दाबत होती. मग थांबली. तिनं शेवंतीच्या पायाच्या बोटांत बोट घालून पाहिलं, एकदा, दोनदा. उठली, आमचं घमेलं उचलून अंगणात उपडं केलं आणि गावात धावत गेली. घरोघरची दारं उघडली, निखारे बाहेर ओतले आणि स्वतः लिंपलेल्या भिंतींमध्ये पहारीनं भोकं पाडली. लोक तिला मारायला उठले होते, काहींनी दगड मारले. ती थांबली नाही. थंडी त्यानंतरही बरेच दिवस होती. गावातलं आणखी कुणी गेलं नाही.

त्या सकाळी त्या खोलीत आम्ही तिघी होतो. माझी मुलगी जगली, ती आज स्वतः आजी आहे. मी जगले. शेवंती जगली नाही.